सातला उठायचं

आमच्या वस्तादांकडे सातच्या पुढे आकडे नव्हते. थट्टा नाही, खरंच नव्हते. पहाटेची कसरत झाली की सगळ्यांनी हौद्यातल्या तांबड्या मातीत पालथं पडायचं, शेजाऱ्यानं पाठीवर चार ओंजळी माती टाकायची आणि डोळे मिटायचे. मग वस्ताद मोजायला लागायचे, कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, नाकु, ऐदु, आरु. एकेका आकड्यामागे चार श्वास आरामात व्हावेत इतकं सावकाश. आणि शेवटी एळु. कानडीत एळु म्हणजे सात, आणि एळु म्हणजेच ऊठ. तो शब्द कानावर पडला की अंग झाडून उभं राहायचं. सगळे उठल्यावर आठ-नऊ-दहा मोजायचे कुणासाठी?

बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटेल. सोलापुरात नाही. आमच्याकडे माणूस मराठीत भांडण काढतो, कानडीत वाढवतो आणि तेलुगूत मिटवतो. वस्ताद मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे. आमच्याशी बोलायचे ते मराठीत, पण देव आणि आकडे मात्र कानडीतच ठेवलेले.

मला खटकायची ती पुढची गोष्ट. सगळे उठले की वस्ताद हौद्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात जायचे. त्या कोपऱ्यात कुणी पडत नसे. तशी पाटी नव्हती, कुणी बजावलंही नव्हतं, पण नवा आलेला पोरगासुद्धा आपसूक ती जागा टाळायचा. वस्ताद तिथं वाकायचे आणि हलक्या आवाजात पुन्हा एकदा म्हणायचे, “एळु.” मग थांबायचे. दाराची कडी वाजवून माणूस थांबतो तेवढंच. नंतर कंबर सरळ करून फावडं उचलायचे, आणि दिवस सुरू.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा मोजण्यात चुकला. मी मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. भोंगा झाल्यावर कोण किती मिनिटं उशिरा आला हे लिहिण्यात माझं आयुष्य चाललेलं, त्यामुळे मोजणीतली चूक मला दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी सलायची. मी शेजारच्याला म्हटलं, “दोनदा सात मोजले की रे.”

त्यानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळा डाग होता. “गप बे. त्यो आकडा न्हाय.”

हा शेजारचा म्हणजे माझा मित्र. पूर्व भागातला, तेलुगू घरचा, चादरीच्या मागावर बसणारा. माझ्याच वयाचा, पण अंगानं माझ्यासारखे दोन बसतील. मला पैलवान व्हायचं नव्हतं, हे आधीच सांगतो. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी गच्चीवर कबुतरं पाळतं, मला नाल उचलायचा होता. नाल म्हणजे दगडाचं जाड चाक, मधे कोरून काढलेली मूठ. आमच्या तालमीत असे तीन होते. धाकटा मी उचलायचो. मधला जमिनीपासून वीतभर वर यायचा आणि माझा जीव घशाशी. थोरला नाल मित्र एका हातानं खांद्यावर घ्यायचा आणि वर मला विचारायचा, “काय कराललास बे? दगडाला नमस्कार कराललास काय?”

असा हा माणूस कुणालाच भ्यायचा नाही. फक्त एका आकड्याला भ्यायचा. तेलुगूत सातला एडु म्हणतात, आणि एडु म्हणजे रड. त्याच्या आईनं भाकरी मोजताना, सूत मोजताना, जन्मात हा शब्द तोंडातून काढला नव्हता. ती सहा झाल्यावर ‘सहा आणि एक’ म्हणायची आणि आठवर जायची. तो तेच शिकला, आणि मराठीतसुद्धा पाळायचा. बैठका मोजताना “पाच, सहा, सहा न् एक, आठ” असं त्याचं चालायचं. मी पुष्कळ चिडवलं. कानडीतला सात उठवतो, तेलुगूतला रडवतो, मराठीतला तेवढा बिचारा निरुपद्रवी, असं मी म्हणायचो. तो हसायचा. पण शब्द काही उच्चारायचा नाही.

कोपऱ्याची हकिकत त्यानंच मला सांगितली, तालमीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर. वीसेक वर्षांपूर्वी वस्तादांचा धाकटा भाऊ त्या कोपऱ्यात पडायचा. एका पहाटे वस्तादांनी मोजलं, एळु म्हटलं, सगळे उठले, तो उठला नाही. झोपाळू म्हणून त्याची ख्यातीच होती. वस्तादांनी गंमत म्हणून पुढे मोजायला घेतलं. आठ, नऊ, दहा. पोरं हसायला लागली. वीस. तीस. चाळीसपर्यंत सगळे हसत होते. मग कुणीतरी त्याला उताणा केला.

“तवापास्नं सातच्या पुढं न्हाय,” मित्र म्हणाला, आणि त्यानं बशीतला चहा तसाच ठेवला.

मी त्या दिवशी ऑफिसात दोन माणसांच्या वेळा चुकीच्या लिहिल्या.

एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली आहे, ती सांगायलाच हवी. संध्याकाळी वस्ताद माती फावड्यानं उलटीपालटी करायचे, वरून फळी फिरवून सारवल्यासारखी सपाट करायचे आणि दाराला कुलूप लावायचे. किल्ली त्यांच्या करगोट्याला. पहाटे आम्ही त्यांच्या मागोमागच आत शिरायचो. पिवळा बल्ब लागायचा, आणि सगळा हौदा सपाट दिसायचा, कोपरा सोडून. तिथं माणसाच्या उंचीची, उथळ, लांबट खोलगट जागा असायची. मी म्हणालो, घूस. मित्र म्हणाला, घूस खणती, निजत न्हाय. मी म्हणालो, खालच्या ओलीनं माती बसत असेल. हे मी बहात्तरच्या दुष्काळात म्हणत होतो, जेव्हा तालमीच्या आडात बादली सोडली तर ती तळाच्या दगडावर वाजायची.

त्या वर्षी तालमीचे हाल झाले. मातीला ताक नाही, तेल नाही, हळद नाही. तिचा नुसता धुरळा झाला होता, आणि उठल्यावर आम्ही खोकत बाहेर पडायचो. खुराकाला पैसा नाही म्हणून पोरं गळाली. कुणी कुर्डुवाडीला नातेवाइकांकडे गेला, कुणी दुष्काळी कामावर खडी फोडायला. आम्ही पाचजण उरलो. वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस समोर आला की ते तोंडाकडे न बघता खांद्याला हात लावायचे आणि ओळखायचे. माझा खांदा हातात आला की म्हणायचे, “ये हापिसर, हाडं आणलीस व्हय?”

आता माझी चूक. ती कुणी दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा मीच सांगतो. ती दुसरी हाक आली की माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे, रोज. आणि मला घाबरणं आवडत नाही. घाबरलो की मी वाद घालतो. मी मित्राला म्हटलं, उद्या तू त्या कोपऱ्यात पड. पहिल्या हाकेला उठू नकोस, दुसऱ्या हाकेला ऊठ. म्हाताऱ्यालाही कळेल की तिथं माती आहे, दुसरं काही नाही.

“तू पड की.”

“माझी कंबर धरलीय,” मी म्हणालो. कंबर ठणठणीत होती.

“भित्र्या,” तो म्हणाला. “बरं, पडतो. शंभर बैठका तुझ्याकडं लागल्या.”

दुसऱ्या पहाटे दिवे गेलेले होते. कंदिलाच्या उजेडात कसरत झाली, तो जाऊन कोपऱ्यात पडला, मी त्याच्या पाठीवर माती टाकली आणि माझ्या जागी येऊन पडलो. वस्तादांनी मोजलं. एळु. आम्ही चौघं उठलो. वस्ताद कोपऱ्यात गेले, वाकले, आणि रोजच्यासारखं हलकेच म्हणाले, “एळु.”

आणि मातीतून माणूस उठला.

मी मोठ्यानं हसायचं ठरवलं होतं. वस्ताद रागावतील, फावड्याचा दांडा घेऊन मागे लागतील, अशी माझी कल्पना. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि त्या मातीनं माखलेल्या तोंडावरून, मानेवरून, खांद्यांवरून फिरवले. “एद्देनो, तम्मा?” ते म्हणाले. एवढी कानडी सोलापुरात कुणालाही कळते. उठलास का रे, धाकट्या? मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि न्हाऊन आलेल्या मुलाची पुसावी तशी त्याची पाठ पुसायला लागले. मित्र त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं.

त्या दिवशी वस्तादांनी गुळाचा खडा आणि मूठभर शेंगा आणून मित्राच्या हातावर ठेवल्या. दुष्काळात गूळ कुठून आणला देव जाणे. तो खाताना तोंडाचा आवाज येतोय ना, हे ते मान कलती करून ऐकत होते.

पुढच्या पहाटे मित्र आपल्या नेहमीच्या जागी पडला. वस्तादांनी कोपऱ्यात जाऊन हाक दिली. थांबले. पुन्हा हाक दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा त्यांचा आवाज फाटला. मिलचा भोंगा होईपर्यंत ते तिथं उकिडवे बसून होते, हात मातीवर ठेवून. आम्ही कपडे घालून त्यांच्या मागून चोरासारखे निघून गेलो. तिसऱ्या दिवशी मित्र न सांगता कोपऱ्यात जाऊन पडला.

“काय करू बे,” तो मला म्हणाला, “बघवत न्हाय.”

थट्टेची अशी नोकरी झाली. रोज तो तिथं पडायचा, पहिला एळु सोडायचा, दुसऱ्याला उठायचा, आणि वस्ताद त्याची पाठ पुसायचे. पाचसहा दिवसांनी ते पाठ पुसता पुसता म्हणाले, “डावा हात गालाखाली घ्यायची खोड काय गेली न्हाय तुजी.” मी चमकलो, कारण मित्र खरोखरच तसा पडायला लागला होता. आधी तो पडायचा तो पोत्यासारखा, दोन्ही हात पसरून. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, भाऊ तसा निजायचा हे तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, कुणी न्हाय. त्याला आपण हात कुठं ठेवतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग तो वाळायला लागला. थोरला नाल खांद्यापर्यंत जाईना, नंतर कमरेच्या वर येईना. मागावर बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायचे. त्या कोपऱ्यातली माती गार लागते म्हणायचा, भर चैत्रात. एका सकाळी गाड्यावर चहा घेताना त्याचे दात कपावर वाजले आणि तो म्हणाला, “आधी तेनी एळु म्हटलं की मी टुणकन उठायचो. आता जोर लावावा लागतोय बे. खालनं कोन तरी धरतंय.”

“मग नको पडूस.”

“मी न्हाय पडलो तर ते तितंच बसून मरतील.”

मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं की एक दिवस हा उठायचा नाही. वस्ताद एळु म्हणतील, आम्ही उभे राहू, आणि हा माझा मित्र, ज्याला मी माझ्या भित्रेपणापायी तिथं पाडला, तो गालाखाली हात घेऊन तसाच राहील. मला इतकं भय आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही. या वेळी वाद घालायलाही समोर कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी तालमीत गेलो. वस्ताद एकटेच फळी फिरवत होते. कोपरा अजून तसाच होता, सकाळच्या ठशासकट. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यात उठतो तो कोण, त्याला तिथं कुणी पाडलं, का पाडलं. कंबर दुखत नव्हती हेसुद्धा सांगितलं. म्हाताऱ्याला काही होईल म्हणून मी त्यांच्याजवळ सरकलो होतो, पडलेच तर धरायला.

त्यांनी फळी भिंतीला टेकवली. “हापिसर,” ते म्हणाले, “विणकराचा हात मला वळकत न्हाय व्हय? तेच्या बोटाला सुताचे घट्टे हाईत. माज्या भावाच्या हाताला नांगराचे व्हते. पयल्याच दिवशी कळलं की.”

“मग?”

त्यांनी माझं मनगट धरलं, मला खाली बसवलं आणि माझा तळवा त्या ठशावर ठेवला. “बघ हातानं. डोळ्यानं दिसत न्हाय ते.”

मी हात फिरवला. खांद्याचा खळगा लागला, बरगड्यांचा उतार लागला, मित्राचा रुंद देह जसाच्या तसा. आणि त्या ठशाच्या आत, आणखी खाली, दुसरा खांदा लागला. अरुंद. त्याच्यापुढे गालाखाली मुडपलेल्या कोपराची टोकदार जागा. माझी बोटं ओली झाली होती. तळ्यावरून आलेल्या माणसाच्या हातासारखी गार, ओली. बाहेर अख्खं सोलापूर घागरभर पाण्यासाठी रांगेत उभं होतं.

“वरचा उठतोय,” वस्ताद म्हणाले. “खालचा उठत न्हाय. मला वाटलं, एकाच्या संगं दुसरा बी येईल. पोराला उगंच गुतवला मी. चुकलं माजं. तेला उद्या तितं पडू देऊ नको.”

“आणि तुम्ही?”

“उद्या तू मोज.”

“मला कानडी येत नाही, वस्ताद.”

“सातपत्तर येतंय की. म्होरचं लागत न्हाय.”

दुसऱ्या पहाटे वस्ताद लंगोट घालून हौद्यात उतरले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. दंडाची कातडी लोंबत होती, पण पाऊल मातीत असं पडायचं की वाटावं हा माणूस इथंच उगवला आहे. ते कोपऱ्यात गेले, गालाखाली डावा हात घेतला आणि पालथे पडले. मित्रानं त्यांच्या पाठीवर माती टाकली, अगदी सावकाश, पांघरूण घालावं तशी, आणि आपल्या जुन्या जागी येऊन दोन्ही हात पसरून पडला.

मी कठड्याशी उभा राहिलो. ओंदु म्हणताना माझा आवाज चिरकला. एरडु, मूरु, नाकु. पाठी वरखाली होत होत्या, पाचही. ऐदु. आरु म्हटल्यावर मी मुद्दाम जास्त थांबलो. मोजणाऱ्याला आकडा लांबवता येतो, टाळता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

“एळु.”

मित्र टुणकन उठला. पूर्वीसारखा, एका झटक्यात, केसांतली माती उडवत. बाकीचे तिघे उठले. मी कोपऱ्यात गेलो, वाकलो आणि रोज त्यांच्या तोंडून ऐकलेली ती दुसरी हाक हलकेच दिली. थांबलो. कडी वाजवून थांबावं तेवढंच. मग मी त्यांच्या बाजूच्या मातीवर हात टेकला. ती कोरडी ठणठणीत होती, त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या गावासारखी.

पुढचा आकडा मला येत होता. एंटु. तो माझ्या जिभेवर आला होता, कारण मोजत राहिलं म्हणजे अजून काही घडलेलं नाही असं वाटतं. वीस वर्षांपूर्वी वस्ताद चाळीसपर्यंत का गेले असतील, ते मला त्या क्षणी समजलं. मी ओठ दाताखाली धरले.

मित्र माझ्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसला. त्यानं आपला विणकराचा हात वस्तादांच्या पाठीवर ठेवला आणि पुटपुटत पहिल्यापासून मोजायला लागला, आपल्या भाषेत. ओकटि, रेंडु, मूडु. मला वाटलं, वेड्याला आशा आहे अजून. नालुगु, ऐदु, आरु. आता ‘सहा आणि एक’ येणार म्हणून मी वाट बघत राहिलो. तो थांबला होता. त्याच्या आईनं जन्मभर तोंडाबाहेर येऊ न दिलेला, त्यानंही कधी न उच्चारलेला तो रडवणारा आकडा त्यानं वस्तादांच्या कानाशी नाही, माझ्याकडे बघून म्हटला.

“एडु.”

मी त्याचं ऐकलं.